केकची जाड बाजू

१

घर फुटलं असतं तर माझं काम अर्ध्या दिवसात उरकलं असतं. पण ते धडधाकट होतं, आणि माझ्या डोक्याला खरा ताप तोच होता.

हरिकेन व्हर्ना हेरन्स रेस्टवरून गेली तेव्हा त्या वसाहतीतली बाकी सगळी घरं जागच्या जागी राहिली. कुणाचा पत्रा गेला, कुणाचा ओटा गेला, एवढंच. एकट्या मिस आयडेला क्रम्प यांचं घर खांबांवरून घसरलं आणि पूर्वेच्या चरात एका कुशीवर जाऊन बसलं. छप्पर शाबूत, भिंती शाबूत, खिडकीची एखादीच काच तडकलेली. मिस आयडेला आत होत्या. पायाखालची जमीन सुटली तशा त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. गाव सोडा असा हुकूम सुटलेला असताना बाई घरात बसून होत्या, यावर मी काही बोलत नाही. बोलायला लागले तर थांबणार नाही.

आमच्या फ्लोरिडात वादळ झालं की टीव्हीवाली पोरं माझ्यासारखीच्या तोंडापुढे माईक धरतात आणि विचारतात, "कारखान्यात बनलेली घरं डब्यासारखी असतात ना?" त्यांना एकदा अशा घराखाली सरपटत न्यावंसं वाटतं. हे घर ट्रकमागे हमरस्त्याचे धक्के खात आलेलं असतं. त्याची जमीन भिंतीला आणि भिंत छपराला पोलादानं शिवलेली असते, खाली आडव्या तुळयांचा सांगाडा असतो. जागेवर आलं की ते काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या खांबांवर बसवतात, आणि तुळयांपासून जमिनीत स्क्रूसारख्या खोल पिळलेल्या अँकरपर्यंत पोलादी पट्टे ताणून बांधतात. ते पट्टे ताठ असले की वारा घराला उचलू शकत नाही. ही बसवणी नीट झाली की नाही ते पाहायचं, यासाठी सरकार मला, नेड्रा फेअरक्लॉथला, पगार देतं आणि कपडे चिखलात घालायला लावतं.

मी आधी स्वयंपाकघरात शिरले. कपाटाच्या दाराआड कारखान्याचा कागद चिकटवलेला होता. घर किनाऱ्यावरच्या सर्वांत कडक वाऱ्यासाठी बांधलेलं होतं. म्हणजे घराची चूक नव्हती. न्हाणीघराच्या दाराशेजारी खिळ्याला एक लाल रिबीन नुसतीच लोंबत होती. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात नारळाचा अर्धा केक होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या उंचीचा. सगळं घर तिरकं झालेलं असताना तेवढा तो सरळ, हे पाहून मला उगाचच राग आला.

मग मी बाहेर येऊन पश्चिमेचे, म्हणजे वारा आला त्या बाजूचे पट्टे पाहिले. एकही तुटलेला नव्हता. एकही अँकर उपटलेला नव्हता. पट्टे तुळईच्या टोकाला घर सरकताना निसटले होते, आणि अँकरच्या टोकाला, जिथे बोल्टवर पट्टा गुंडाळून ताणतात, तिथे पुरेशी गुंडाळीच नव्हती. खांब पडलेले, आणि ठोकळ्यांवरच्या लाकडी पाचरी पाण्यानं वाहून नेलेल्या. मी बोल्टवरचा चिखल अंगठ्यानं पुसला.

गंज ताजा खरवडलेला होता. वादळाच्या थोडंच आधी कुणीतरी पाना लावून हे पट्टे सैल केले होते.

२

"हॅडॉकचं काम आहे ना?" फोनवर माझे साहेब म्हणाले. "मग तोच. सोमवारी सुनावणी आहे, लायसन्स रद्द करू. सरकारी वकील फौजदारीचं बोलतोय. म्हातारी बाई जखमी झालीय, नेड्रा. लोकांना नाव हवंय."

लोकांना नाव हवं असतं, आणि साहेबांना शुक्रवारी मासे मारायला जायचं असतं.

कोय हॅडॉकनं या किनाऱ्यावर निम्मी घरं बसवली आहेत. तो ओट्यावर उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता आणि आपलं सगळं आयुष्य सोमवारी बुडणार आहे असं त्याच्याकडे पाहून मुळीच वाटत नव्हतं. त्याची बायको टॅम्सी दारात उभी होती. तिच्याकडे पाहून मात्र वाटत होतं.

"वसंतात मी पट्टे तपासले, आवळले," कोय म्हणाला.

"खात्री आहे?"

"आहे." त्यानं शेंगेचं टरफल वाटीत टाकलं. "आता माणूस म्हटलं की एखादा राहूही शकतो."

"कोय!" टॅम्सी म्हणाली. "अरे, ही बाई तुला वाचवायला आलीय, आणि तू तिच्या हातात दोर देतोयस?"

"खरं तेच सांगतोय."

"खरं सांग, पण अर्धवट सांगू नकोस. मिस नेड्रा, हा घरी आला की कुलूप चार वेळा ओढून बघतो. हा पट्टा विसरेल? लायसन्स गेलं तर पोरांना घेऊन मी आईकडे जायचं का? आणि हा तुरुंगात शेंगा सोलणार?"

माझी सहानुभूती तिला होती, पण सहानुभूती अहवालात लिहिता येत नाही. मी कोयला विचारलं, तू काम केलंस याला साक्षीदार कोण?

"मिस आयडेला. घराखालून निघालो तर त्यांनी केक दिला. जाड बाजू दिली मला. वसाहतीच्या व्यवस्थापकाला, प्रुएटला, नेहमी पातळ देतात, तो जळफळतो. आणि न्हाणीघराचं दार रिबिनीनं बांधलेलं होतं ते पुन्हा..."

"मला केकमध्ये आणि न्हाणीघरात रस नाही, कोय."

तो लगेच गप्प झाला. तो असाच आहे, गप्प हो म्हटलं की होतो. त्या दिवशी त्यानं माझं ऐकलं नसतं तर माझे दोन दिवस वाचले असते.

निघताना तो एवढंच म्हणाला, "मी सोडून दुसरं कुणी पट्ट्यांना हात लावला असेल, तर त्याच्याकडे तो मोठा पाना हवा. तसला पाना वसाहतीत एकच आहे. प्रुएटच्या खोपटात."

३

डॅरिल प्रुएट हेरन्स रेस्टचा व्यवस्थापक. मालक अटलांटात असतो, त्यामुळे इथला राजा हाच, आणि राजाचा रथ म्हणजे गोल्फची गाडी. तो त्या गाडीतून खाली न उतरताच माझ्याशी बोलत होता. मिस आयडेलांना त्यानं घर हलवायच्या नोटिसा दिल्या होत्या. त्या जागी त्याला सुट्टीवर येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायच्या होत्या. ही गोष्ट मला सगळ्या वसाहतीनं, त्यानं स्वतः सोडून, सांगितली होती.

"मी कशाला पट्टे सैल करीन?" तो म्हणाला. "घर पडलं तर वर्तमानपत्रात नाव माझ्याच वसाहतीचं येतं."

"खोपटाची किल्ली कुणाकडे असते?"

"दाराशेजारच्या खिळ्यावर. म्हणजे सगळ्यांकडे." त्यानं टोपी सरकवली. "हे लोक वस्तू नेतात आणि चिखलानं माखलेली आणून फेकतात. वादळाच्या आदल्या आठवड्यात मोठा जॅक आणि पाना गायब. मी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी दोन्ही जागेवर. आणि चकचकीत पुसून, तेल लावून! इतक्या वर्षांत इथे कुणी मला फावडंसुद्धा धुऊन दिलेलं नाही. मी वैतागून कुलूपच बदललं. नवी किल्ली माझ्या खिशात. पुन्हा काही हवं असेल तर माझ्याकडे येऊन कशाला हवंय ते सांगायचं. आणि लायसन्स नसताना घराखाली खटपट करणाऱ्याला मी वसाहतीतून काढतो. नियम आहे."

"मग वादळाआधी कुणी मागायला आलं?"

"कुणी नाही. सगळे क्लबहाउसात जेवत होते."

हे जेवण आमच्याकडे प्रत्येक वादळाआधी होतं. वीज जाणार, तेव्हा फ्रिजरमध्ये असेल नसेल ते काढायचं, शिजवायचं आणि एकत्र बसून संपवायचं. झिंगे, हरणाचं मटण, गेल्या ख्रिसमसचा टर्की, सगळं एका टेबलावर. वादळ मग इकडे येवो नाहीतर तिकडे जावो.

"त्या दिवशी म्हातारी माझ्याशी बरी वागली," प्रुएट जरा मऊ होऊन म्हणाला. "दर वेळी मला केकची पातळ बाजू देते. मुद्दाम, सगळ्यांसमोर. या वेळी सगळ्यांना सारखा तुकडा, मलाही. वाटलं, आली ताळ्यावर."

मी मान डोलावली आणि वही मिटली. माझ्या डोक्यात जॅक घोळत होता. पट्टा सैल करायला पाना पुरतो. जॅक घर उचलायला लागतो. एखाद्या म्हातारीला इजा करायची असेल तर माणूस तिचं घर आधी उचलेल कशाला?

४

मिस आयडेलांच्या शेजारी ओथो बिगर्स राहतो. नौदलातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली आणि प्रत्येक हत्यार आपापल्या रेषेत. त्यानं मला कॉफी दिली, आणि मी कप खाली ठेवला की तो उचलून खालचं वर्तुळ पुसत होता. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मी कप हातातच धरून बसले.

"कोयचंच काम ते," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

"तुम्ही वादळात इथेच होतात?"

"शाळेत गेलो होतो. निवाऱ्याला."

याचं मला नवल वाटलं. ओथो बिगर्स वादळाला घर सोडत नाही, हे या भागात पोस्टमनपासून शेरीफपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या खेपेच्या मोठ्या वादळात तो ओसरीत खुर्ची टाकून बसला होता.

"या वेळी बरे गेलात?"

"वय झालं."

"आणि मिस आयडेला?"

"तिला तीनदा सांगितलं. दारात उभं राहून हात जोडायचे बाकी ठेवले होते. म्हटलं, चल, मीही येतो. तर म्हणते, कारण सांग. म्हटलं, वादळ मोठं आहे. तर म्हणते, मागचं याहून मोठं होतं, आणि तेव्हा तू खुर्ची टाकून बसला होतास." त्यानं फडकं झटकलं. "हट्टी बाई आहे. हल्ली चालताना तोल जातो तिचा. चाकांचा वॉकर दिलाय डॉक्टरनं, तो हात सोडला की आपला आपण भिंतीकडे जायचा. तरी कुणाचं ऐकायची नाही."

दारापर्यंत मला सोडायला येऊन त्यानं हळूच विचारलं, "ती काही बोलली का?"

ती काहीही बोलत नव्हती, हेच तर माझं दुखणं होतं. मी इस्पितळात गेले. मिस आयडेला उशीला टेकून, केस विंचरून बसल्या होत्या. शुद्ध उत्तम, जीभ उत्तम, फक्त कामाचं बोलायचं नाही.

"मिस आयडेला, तुमच्या घराखाली कोण गेलं होतं?"

"मी घरात राहते पोरी, घराखाली नाही."

"कोय हॅडॉकचं लायसन्स जाणार आहे. तुम्हाला त्याचं काही वाटतं की नाही?"

"सोमवारी ना? आज गुरुवार आहे." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "शुक्रवारपर्यंत मी काही बोलणार नाही. मी कुणाचीतरी वाट बघतेय."

"कुणाची?"

मी खरंच ओरडायच्या बेताला आले होते. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे पाहतायत.

"माझा केक बघितलास का?" त्या म्हणाल्या.

५

इस्पितळाच्या दारातूनच मी कोयला फोन लावला.

"तो केक एका बाजूला जाड का असतो?"

"तुम्हाला केकमध्ये रस नाही म्हणालात..."

"कोय."

"घर कलतंय ना, मॅडम. पश्चिमेची जमीन खचलीय. म्हणजे शेगडी कलती, भट्टी कलती. पीठ पश्चिमेला जमतं, तिकडे जाड होतो. न्हाणीघराचं दारही आपोआप उघडतं म्हणून रिबिनीनं बांधतात. मी दर वर्षी म्हणतो, जॅक लावून सरळ करून देतो. तर म्हणतात, मग मी जाड बाजू कुणाला देऊ आणि प्रुएटला काय देऊ?"

मी कपाळावर हात मारून घेतला. फ्रिजमधला केक एकसारखा होता. रिबीन नुसतीच लोंबत होती, कारण दार आता बांधावं लागत नव्हतं. वादळानं घर पाडलं त्याच्या आधी कुणीतरी ते सरळ केलं होतं. आणि घराची खचलेली बाजू उचलायची तर त्या बाजूचे पट्टे आधी सैल करावेच लागतात. नाहीतर ते घराला खाली ओढून धरतात.

म्हणजे मी इतके दिवस वैरी शोधत होते, आणि हे काम कुणा मित्राचं होतं. कोयचं नव्हे, कारण त्याच्याकडे स्वतःचा जॅक आहे. खोपटातला त्यानं कशाला उचलावा? प्रुएटचं नव्हे, त्याला ते घर हलायला हवं होतं, सरळ व्हायला नको होतं. उरला तो माणूस, जो उसनी वस्तू तेल लावून परत करतो. ज्यानं तिचा वॉकर भिंतीकडे "जायचा" म्हणून सांगितलं, जातो म्हणून नाही, म्हणजे घर सरळ झाल्याचं ज्याला ठाऊक होतं. आणि ज्याला वाऱ्याची कधीच भीती नव्हती, पण या एका वाऱ्याला तिचं घर टिकणार नाही हे जो जाणून होता.

ओथो ओसरीतच होता. मी कॉफीला नाही म्हटलं.

"पट्टे पुन्हा आवळले का नाहीत, मिस्टर बिगर्स?"

त्यानं हातातल्या फडक्याची घडी केली.

"ती चर्चच्या बायकांबरोबर दिवसभर बाहेर गेली होती तेव्हा केलं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर करू दिलं नसतं. पडली असती हो ती एक दिवस, त्या वॉकरमागे. कोय कधीतरी म्हणाला होता, घर उचललं की थोडे दिवस बसू द्यावं, मग ताण द्यावा."

"तो शेवटचा ताण झाला! पट्टे तोवर लोंबकळत ठेवायचे असं कोय म्हणाला होता?"

"नाही."

"मग?"

"वादळ टेक्सासला जाणार होतं. मग वळलं. पाना आणायला गेलो तर कुलूप बदललेलं."

"प्रुएटकडे मागायचा!"

"कशाला हवा ते सांगावं लागलं असतं."

"कोयला बोलवायचं!"

"त्यालाही सांगावं लागलं असतं."

मला इतका संताप आला की मी ओसरीच्या पायरीवरच बसले. या किनाऱ्यावर ज्याच्या घरी एक पक्कड असेल तो स्वतःला घर बसवणारा समजतो. कारखान्यात माणसं अख्खी भिंत वाऱ्याच्या हिशेबानं शिवतात, कोयसारखा माणूस अँकर जमिनीत पिळतो, आणि मग एखादा भला शेजारी भलं करायला घराखाली शिरतो. वाईट माणूस असता तर निदान मला त्याचा राग तरी नीट धरता आला असता.

"आणि कोयचं नाव घेतलंत तुम्ही माझ्यासमोर," मी म्हटलं. "त्याला तीन पोरं आहेत."

"ठाऊक आहे," ओथो म्हणाला. "रोज सकाळी ठरवतो, आज जाऊन सांगायचं. टोपी घालतो. दारापर्यंत जातो."

"आज टोपी घाला आणि माझ्या गाडीत बसा."

६

इस्पितळात तो पलंगापासून दूर, भिंतीला चिकटून उभा राहिला. मिस आयडेलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आणलास वाटतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं आपला आपण येईल."

"तुम्हाला सगळं माहीत होतं," मी म्हटलं. "मला फिरवत ठेवलंत."

"केक भट्टीतून काढला तेव्हाच कळलं. आजूबाजूला असलं काम पुसून-पासून करणारा दुसरा आहे कोण? क्लबहाउसात सगळ्यांना सारखे तुकडे कापले आणि याच्याकडे बघत होते, की आता बोलेल, मग बोलेल. कोयला मी बुडू दिलं नसतं, पोरी. उद्या मीच सांगितलं असतं. याला एक दिवस जास्त दिला, एवढंच." मग त्या ओथोकडे वळल्या. "बोल."

"पट्टे सैल होते, आयडेला," ओथो म्हणाला. "मी केले होते सैल. पुन्हा आवळले नव्हते. तुला न्यायला आलो तेव्हा मला माहीत होतं. तिन्ही वेळा."

मी अहवाल लिहायला वही काढली होती, ती तशीच हातात राहिली. सोमवारी कोय हॅडॉकचं नाव त्या अहवालातून निघणार होतं आणि या म्हाताऱ्याचं त्यात येणार होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"माझं घर सरळ केलंस त्याचा मला राग नाही," मिस आयडेला म्हणाल्या. "न विचारता केलंस त्याचा थोडा आहे. पण केक सरळ आला ना, तेव्हा मला वाटलं, ओथोनं केलंय म्हणजे सगळं नीटच केलं असेल. म्हणून तर मी बिनघोर बसले."

ओथोनं टोपी दोन्ही हातांत चुरगाळली. तो पुढे आला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला.

"दारात उभा होतास तेव्हा एवढंच म्हणाला असतास ना," त्या म्हणाल्या, "की पट्टे सैल आहेत, तर मी पर्स उचलून तुझ्याबरोबर निघाले असते."